वरच्या धबधब्यापाशी मारलेल्या हाका

बार्शीच्या पुढं बालाघाटाचा डोंगर सुरू होतो. तिथं दोन धबधबे आहेत. खालचा सगळ्यांना माहीत आहे. गाडी लावून दहा मिनिटं चाललं की येतो, आणि सुट्टीच्या दिवशी तिथं पाण्यापेक्षा माणसंच जास्त दिसतात. वरच्या धबधब्याला जंगलातून तासाभराची चढण आहे. माझी बायको वैरागची. शाळेत असताना ती सहलीला जाऊन तो वरचा बघून आली होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तिला म्हणालो होतो, परत नेईन. त्याला एकतीस वर्षं झाली. गेल्या भाद्रपदात, गणपती गेल्यावर, ती म्हणाली, गुडघे आहेत तोवर जाऊन येऊ. मी हो म्हणालो, कारण दहा महिन्यांत तिनं माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

दहा महिने आम्ही एका घरात राहून धड बोलत नव्हतो. आमची एकुलती एक मुलगी पुण्यात नोकरीला. तिनं आपल्या पसंतीनं, रजिस्टर पद्धतीनं लग्न केलं. मुलगा कोण, कुठला, यावर मी इथं काही लिहिणार नाही. माझा राग त्यावर नव्हता. आमच्या गावच्या भवानी पेठेत माझ्या टॉवेलच्या दुकानासमोर एक दुकानदार आहे, त्याचं नि माझं वीस वर्षं पटत नाही. तो एके सकाळी माझ्या पायरीशी येऊन म्हणाला, "शेठ, पेढे कधी?" मला ते असं कळलं. बायकोला महिनाभर आधीपासून माहीत होतं. वैरागला भावाकडं जाते म्हणून सांगून ती कुर्डुवाडीहून गाडीनं पुण्याला गेली होती, आणि साक्षीदार म्हणून सही तिचीच होती.

मी त्याच कुर्डुवाडीच्या फलाटावर खांद्यावर टॉवेल टाकून विकलेला माणूस. गाडी थांबते तेवढ्यात भाव ठरवायचा, पैसे घ्यायचे आणि टॉवेल खिडकीतून आत द्यायचा. त्यातून दुकान केलं, दुकानावर घर बांधलं. सुताचा भाव चढणार असेल तर मला पेठेच्या आधी वास लागतो. आणि माझ्या घरातली गोष्ट पेठेनं मला सांगितली. हे मी आजही विसरलेलो नाही.

त्या दिवसापासून मी मुलीचं नाव घेतलं नाही. त्याची एक अडचण अशी की आमच्याकडं बायकोला तिच्या नावानं हाक मारायची पद्धत नाही. मुलगी झाल्यापासून मी बायकोला मुलीच्याच नावानं हाक मारत आलो. दुकानातून जिन्याखाली येऊन मुलीचं नाव घेऊन ओरडलो की वर कठड्याशी बायको यायची. मुलगी शाळेत असली तरी, पुढं पुण्याला गेली तरी, हाक तीच. बायको त्या नावाला पंचवीस वर्षं ओ देत होती. ते नाव बंद झाल्यावर मी लोखंडी मीटरपट्टी जिन्याच्या कठड्यावर वाजवू लागलो. ती यायची.

डोंगराच्या पायथ्याशी कणसं भाजणाऱ्या बायका होत्या आणि वरची वाट दाखवायला येणारा एक माणूस. त्यानं आकडा सांगितला, मी निम्मा सांगितला. तो हसला. मग मी पाठ फिरवून चालू लागलो. घासाघिशीत पाठ फार कामाला येते. पंधरा पावलांत समोरचा हाक मारतोच. या माणसानं मारली नाही. बायको म्हणाली, गरज आपल्याला आहे, त्याला नाही. मी म्हणालो, वाट दिसतेच आहे, डोंगर काय कुणी उचलून नेलेला नाही.

वाट खरंच सोपी होती. सागाची झाडं, मधूनच धावडा, पळस, आणि खाली माजलेली घाणेरी. ओढा दोनदा ओलांडावा लागला, पाणी घोट्याएवढं. बायको पुढं चालत होती, गुडघ्यांबद्दल एक शब्द नाही. अर्ध्या वाटेवर एक सपाट कातळ लागला, तिथं बसलो. तिनं फडकं सोडून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. माझ्या हातात भाकरी दिल्यावर ती बोलली.

"सातवा लागलाय तिला. पहिलं बाळंतपण माहेरी असतंय. आपल्याकडं आणायची."

"कुणाला?"

"कुणाला म्हंजे? मी काय शेजारणीचं सांगतीय व्हय?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, ही मला इथवर का घेऊन आली. घरी विषय निघाला असता तर मी जिना उतरून दुकानात जाऊन बसलो असतो. समोरच्याला त्याच्या गादीवरून उठवून लांब न्यावं, मग बोलावं, ही माझीच विद्या तिनं माझ्यावर चालवली होती. मला राग त्याचाच जास्त आला. ज्यांनी लग्न लावलं त्यांनीच बाळंतपण करावं, असं मी म्हणालो. ती म्हणाली, मीच लावलं, मीच करीन, तुम्ही फक्त एकदा तिचं नाव घ्या, नुसतं नाव.

"माझ्या लेखी ती मेली," मी म्हणालो.

बायकोच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच राहिला. मी उठलो आणि आलेल्या वाटेनं खाली चालू लागलो. वळण ओलांडून एका धावड्याच्या बुंध्यामागं थांबलो. आता ती 'अहो' म्हणेल, मग मी परत जाईन, जरा फुगून बसेन आणि विषय मिटेल, एवढाच माझा हिशेब. दहा मिनिटं झाली. मला वाटलं, तीही ताणतेय, ताणू दे. आणखी दहा-पंधरा मिनिटं मी तिथं मुंग्यांची रांग बघत उभा राहिलो. वरच्या अंगाला आभाळ काळं झालं होतं आणि तिकडं पाऊस धरला होता. माझ्या अंगावर थेंबही नव्हता.

परत गेलो तेव्हा कातळावर पिशवी होती. भाकरी फडक्यात नीट बांधून ठेवलेली. बायको नव्हती.

कातळाच्या वर वाटेला दोन फाटे होते. मघाशी बसलो तेव्हा मला ते दिसलेच नव्हते. मी डावा धरला, कारण तो रुंद होता. घाणेरीतून हातपाय ओरबाडून घेत वर गेलो तर वाट एका कड्यावर संपली. खाली बघायची छाती होईना, तरी पोटावर पडून बघितलं. दगड आणि झाडांचे शेंडे. परत धावत कातळाशी आलो नि उजव्या फाट्याला लागलो. तो ओढ्यात उतरत होता. मघाचं घोट्याचं पाणी आता मांडीला लागेल इतकं झालं होतं, चहासारखं लाल, आणि त्यातून लाकडं वाहत येत होती. बायकोला पोहता येत नाही. पायात तिच्या प्लास्टिकच्या पावसाळी चपला.

मी ओरडलो, "अगं ए!"

खालच्या धबधब्याच्या बाजूनं एका बाईनं "ओ" दिली. मी तिकडं चार पावलं धावलो, तेवढ्यात तिकडूनच एका पुरुषाचा आवाज आला, "ओ काका, ही आमची हाय! तुमची तुमी बघा!" आणि दहा-पंधरा माणसं हसली. पुन्हा 'अगं' म्हटलं की पुन्हा हसू. त्यांचा दोष नाही. 'अगं' कुणाचीही असते.

मग मी बायकोचं नाव घेतलं. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, ते आमच्याकडंच बदलून ठेवलेलं नाव. नंतर ते रेशनकार्डावर आणि बँकेच्या कागदावरच राहिलं. त्या नावानं मी पाच-सहा हाका मारल्या, पण मलाच वाटेना की मी माझ्या बायकोला हाक मारतोय. कुणी ओ दिली नाही. या नावाला ती ओ देईल तरी कशी, तिला ते माझ्या तोंडून ठाऊकच नव्हतं.

एका सागाला धरून मी पाण्यात उतरलो. पाय सरकला, छातीपर्यंत भिजलो, कसाबसा पलीकडं गेलो. तिथं उभा राहून पाण्याकडं बघितलं. वाहून आलेलं एक लाकूड मला तिचा हात वाटलं. आणि माझ्या तोंडून मुलीचं नाव बाहेर पडलं. ठरवून घेतलं असं मी म्हणणार नाही. एकदा सुटल्यावर ते थांबेना. मी चढत होतो आणि ओरडत होतो. आवाज फाटला, शेवटी नुसती किंकाळी निघत होती, पण नाव तेच.

वरून "ओ" आली.

वर बघितलं तर झाडी संपून काळा कातळ दिसत होता आणि त्यावरून बायको पळत खाली येत होती. गुडघेदुखीची बाई शेवाळावरून पळत होती. मी हात वर करून थांब म्हणून खुणावलं. ती थांबली नाही. माझ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर तिचा पाय सटकला, ती बसली तशीच घसरत आली आणि एका दगडाला अडकली. तिच्या मागंच धबधबा होता. तो मी बघितलाच नाही, नुसता आवाज ऐकला.

मी जवळ गेलो तर तिनं माझा शर्ट धरला.

"काय झालं तिला?"

"कुणाला?"

"तुमी नाव घेतलं. काय झालं सांगा."

मी म्हणालो, काही झालं नाही, तू सापडेनास म्हणून हाक मारली. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. माझे डोळे लाल, अंग भिजलेलं, आवाज गेलेला.

"फोन आला व्हता," ती म्हणाली. "म्हणून तुमी खाली गेला. रेंज बघायला."

मी तिला खरं सांगितलं. खाली गेलो ते तू हाक मारावीस म्हणून, झाडामागं उभा होतो. सांगतानाच मला कळत होतं की हे कुणाला पटणार नाही. साठीला आलेला माणूस बायकोनं हाक मारावी म्हणून झाडामागं लपतो, आणि दहा महिने जे नाव टाकलं ते जंगलात गळा फाटेस्तोवर ओरडतो. त्यापेक्षा मुलगी गेली हेच तिला खरं वाटत होतं. तासाभरापूर्वी मीच तर म्हणालो होतो.

तिचा फोन घसरताना पाण्यात गेला होता. माझा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला होता म्हणून वाचला, पण त्याला रेंज नव्हती. डावा घोटा सुजून पायात चप्पल बसेना. तिचा हात खांद्यावर घेऊन मी उतरायला लागलो. ओढ्याशी पाऊण तास थांबलो, पाणी उतरेपर्यंत. त्या पाऊण तासात ती रडली नाही. एका दगडावर बसून मधूनमधून विचारायची, आणि प्रत्येक वेळी प्रश्न जरा बदललेला असायचा. दवाखान्यात नेलं होतं का? जावयाचा फोन होता की तिच्या सासूचा? एकदा तिनं पाण्याकडं बघत विचारलं, "ती गेली का पोटातलं? का दोघंबी?"

मी आयुष्यात गिऱ्हाईकांना शंभर खोट्या गोष्टी पटवल्या आहेत. शेवटचा नग आहे, भाव वाढणार आहे, घरच्यासारखं देतो. माणसं पटवून घेतात. त्या दिवशी मी तिला एकच खरी गोष्ट सांगत होतो, आईची शपथ घेऊन सांगत होतो, आणि ती मान हलवत होती, जसं आजारी माणसाला आपण हो हो म्हणतो तसं. पाणी मांडीवरून गुडघ्याला आलं तेव्हा तिला पाठीवर घेऊन मी पलीकडं नेलं. माझ्या मानेवर तिचा श्वास लागत होता आणि ती हळू आवाजात मुलीचं नाव घेत होती.

सावल्या लांब झाल्या होत्या. कातळाच्या खाली एक मोकळी जागा आहे, तिथून पार वैरागपर्यंतचं रान दिसतं. तिथं फोनवर रेंजच्या दोन काड्या आल्या. बायको म्हणाली, लावा. मुलीचा नंबर मी फोनमधून काढून टाकला होता, पण मला नंबर पाठ राहतात. भिजलेल्या बोटांनी दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. बराच वेळ वाजत राहिला, आणि तेवढ्या वेळात मलाही वाटायला लागलं की आता तो कुणी उचलणार नाही. बायकोचं बोलणं मला पटलं होतं.

"हॅलो, कोण?"

तिनंही माझा नंबर काढून टाकला असावा. ते मला लागलं, अशा वेळीही लागलं.

"मी," म्हणालो.

 मग ती म्हणाली, "अण्णा, आईला काय झालं?"

"काय झालं न्हाय."

"खरं सांगा. आई कुठाय?"

इकडं बायको माझी बाही ओढत होती, काय म्हणतीय, कोण बोलतंय. मी दोघींना तेच सांगत होतो, काही झालं नाही, आणि दोघींपैकी एकीचाही विश्वास बसत नव्हता. मी फोन बायकोच्या कानाला लावला. तिकडून 'आई' असं ऐकू आलं असावं, कारण बायकोनं डोळे मिटले आणि तिच्या तोंडून शब्दच फुटेना. मग तिकडं मुलगी घाबरली. मला तिचं ओरडणं फोनबाहेर ऐकू येत होतं. शेवटी बायको बोलली, नीट, वैरागच्या भाषेत, की पाय मुरगळलाय, बाकी धडधाकट आहे, तू कशी आहेस, हालचाल जाणवते का. दोघी रडत होत्या. मी बाजूला उभा होतो.

बायकोनं फोन माझ्यापुढं धरला. मी घेतला.

"अण्णा, आई बरी आहे ना मग?" मुलगी म्हणाली.

"व्हय."

"मग तुम्ही फोन कशासाठी केला?"

 मी रानाकडं बघितलं. बायको माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत आता माझ्यासाठी काही मागणं उरलेलं नव्हतं. ती फक्त दमली होती.

"जरा थांब," मी मुलीला म्हणालो. "अंधार पडायच्या आत तुझ्या आईला गाडीपर्यंत न्यायचंय. मग सांगतो."

"थांबते," ती म्हणाली.

तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तसाच चालू फोन शर्टाच्या ओल्या खिशात टाकला, बायकोचा हात खांद्यावर घेतला आणि उतरायला लागलो.