न तपासलेलं चाक

तात्यांपुढे चहा ठेवला, की ते आपला कप समोरच्याकडे सरकवायचे आणि त्याचा आपल्याकडे ओढून घ्यायचे. घर सख्ख्या बहिणीचं असलं तरी यात बदल नसे. मला आधी ही पाहुणचाराची काही रीत वाटली. खरं काय ते काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, सांगितलं. तरुणपणी तात्यांची बैलजोडी शर्यतीत नावाजलेली होती. एका जत्रेत कुणीतरी पेंडीतून काहीबाही चारलं आणि त्यांचा उजवा बैल पळता पळता बसला, तो पुन्हा उठला नाही. चारणारा शेवटपर्यंत सापडला नाही. म्हणून तात्यांनी त्याच्या जागी सगळं जग धरलं. "इस्वास बैलावर ठेवावा, मानसावर न्हाई," असं ते म्हणायचे आणि म्हणताना समोरच्याकडे रोखून बघायचे.

मी माण गावात त्यांच्या वरच्या मजल्यावर चार वर्षं भाड्याने राहिलो. आयटी पार्कातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं माझं काम. दुसऱ्याने केलेल्या कामावर शंका घ्यायचा मला पगार मिळतो, हे कळल्यावर तात्या पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलले. "म्हंजे आपल्यातलंच की," म्हणाले. तेव्हापासून मी त्यांचा 'इंजनेर' झालो.

खालचं वावर पार्कात गेलं आणि हातात पैसा आला तेव्हा गावातल्या बाकीच्यांनी उंच उंच जीपा घेतल्या. तात्यांच्याच अंगणात, शेजारच्या घरात राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावाने, ज्ञानोबांनीही घेतली. तात्यांनी मात्र मुंबईच्या एका माणसाकडून जुनी जपानी स्पोर्ट्स कार आणली. लाल रंगाची, कापडी टपाची, दोनच सीटांची, आणि इतकी बुटकी की स्पीडब्रेकर गाडी तिरकी घालूनच ओलांडावा लागे. गाव आधी हसलं, मग संशयाला लागलं. साठीचा माणूस दोन सीटांची गाडी घेतो, तर दुसऱ्या सीटवर बसणार कोण? दोन-तीन बायकांनी काकूंनाच विचारून पाहिलं. काकू त्या गाडीत एकदाच बसल्या, आणि बाहेर काढायला दोन माणसं लागली म्हणून परत त्या वाटेला गेल्या नाहीत.

तात्यांचं कारण साधं होतं. शर्यतीचा छकडा पळतो तो हलका असतो म्हणून. "बैल त्येच, पर वजान कमी," हे त्यांचं शास्त्र. ही गाडी मुळातच टनाच्या आतली, पण तात्यांना ती अजून हलकी हवी होती. पिरंगुटला सलीमभाईंचं वेल्डिंगचं दुकान होतं. तिथे दर आठवड्याला एखादा लोखंडी तुकडा निघे आणि त्याजागी ॲल्युमिनियमची पातळ पट्टी बसे. गालिचे गेले, स्पीकर गेले. नियम एकच होता. "आस आन् जू सोडून काय बी हलकं करा." छकड्याचा आस मोडला तर माणूस जातो, जू मोडलं तर बैल. म्हणून ब्रेक आणि सांगाडा यांना सलीमभाईंनी हातही लावायचा नाही.

प्रत्येक बदलानंतर आम्ही गाडी वजनकाट्यावर न्यायचो. खडीच्या डंपरांच्या रांगेत ती लाल गाडी उभी राहिली की ड्रायव्हर खाली उतरून बघायचे. एकदा दोन स्पीकर काढूनही चिठ्ठीवर तोच आकडा आला. काटा दहा किलोच्या खालचा फरक दाखवत नाही, हे मी परोपरीने सांगितलं. तात्यांनी काटेवाल्याकडे बराच वेळ पाहिलं आणि गाडी दुसऱ्या काट्यावर नेली. तिथेही तोच आकडा निघाला. "दोगंबी मिळालेले हायेत," एवढंच ते म्हणाले.

ज्ञानोबांवर त्यांचा संशय सगळ्यात जुना. वडिलांची जमीन विकायची हे आधी कोण बोललं, यावरून दोघांचं बिनसलं होतं. दोघंही एकमेकांचं नाव घ्यायचे. ज्ञानोबा अंगणातून जाताना गाडीपाशी जरा थांबले, तरी तात्या ओट्यावरून खाकरायचे.

मग हलकी चाकं आली. एका रविवारी सकाळी आम्ही दोघांनी ती अंगणातच बसवली. तीन चाकं तात्यांनी घेतली, मागचं डावं मला दिलं. मी नट बोटांनी बसवले, गाडी जॅकवरून खाली घेतली, आणि पाना उचलणार तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. काहीतरी बंद पडलं होतं. मी बोलत बोलत वर गेलो, तो तासाभराने उतरलो. तात्यांनी विचारलं, झालं का? मी झालं म्हणालो. डोकं अजून त्या फोनमध्येच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्यात उभा होतो. गाडी काढण्याआधी तात्या नेहमीप्रमाणे पाना घेऊन फिरले. तीन चाकं त्यांनी तपासली आणि मागच्या डाव्यापाशी न थांबता पाना आत टाकला. माझं लक्ष गेलं. तात्यांनी माझं काम तपासलं नाही, याचा मला चक्क अभिमान वाटला.

लवळ्याच्या चढावर, वळणात, ते चाक निखळलं. गाडी कडेच्या चरात गेली आणि तात्यांच्या गळ्याखालचं, खांद्याला जाणारं हाड मोडलं. सलीमभाईंनी गाडी पाहून सांगितलं की नटाचे आटे शाबूत आहेत, म्हणजे कुणी ते ढिले केले असणार, नाहीतर ते आवळलेच नसणार. खाटेवर पडलेल्या तात्यांनी त्यातलं पहिलंच ऐकलं. "रातचं कोन आलं व्हतं अंगणात, मला ठावं हाय," ते म्हणाले.

मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी बोललो नाही. आधी वाटलं, हाड जुळू दे, मग सांगू. मग महिना गेला आणि सांगणं अवघड झालं. पुढे तर मी स्वतःच्याच आठवणीवर शंका घ्यायला लागलो. फोनआधी पाना फिरवलाही असेल. एके दिवशी तर ज्ञानोबा अंगणात काय करतात हे मी खिडकीतून चोरून पाहत होतो. तोवर तात्यांनी अंगणाच्या मधोमध पत्रे ठोकले होते.

सहा महिन्यांनी ज्ञानोबांच्या मुलीचं, प्रियांकाचं लग्न ठरलं. मांडव पत्र्यांच्या पलीकडे पडला. तात्या म्हणाले, जिवावर उठलेल्याच्या दारात अक्षता टाकायला जाणार नाही. काकू चुलीपाशी पदर डोळ्यांना लावून बसल्या. प्रियांका लहानपणापासून त्यांच्याच मांडीवर वाढली होती. हळदीच्या दिवशी दुपारी मी खाली गेलो आणि तात्यांना सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "ज्ञानोबानं काय द्यायचं कबूल केलंय तुला?"

माझ्या बोलण्याचा काही उपयोग नव्हता. मी ऑफिसच्या खात्यातून त्या रविवारची कॉलची नोंद शोधून दाखवली. तात्यांनी चष्मा लावून वेळ वाचली, दोनदा वाचली. मग डोळे मिटून बसले, त्या सकाळचा एकेक क्षण जुळवत असावेत. डोळे उघडून म्हणाले, "व्हय. पाना तुज्या हातात मी बगितलाच न्हाई."

ते उठले आणि एका हाताने पत्रे उपटायला लागले. दुसरा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मी पुढे झालो तर मानेनेच नको म्हणाले. आवाजाने पलीकडे वाजणारी गाणी बंद झाली. शेवटचा पत्रा पडल्यावर ते मांडवात गेले. भावाभावांत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. ज्ञानोबा बराच वेळ पाठ फिरवून उभे होते, एवढं दिसलं. लग्नात मात्र तात्या प्रियांकाच्या मागे मामाच्या शेजारी उभे होते.

आठवड्याने त्यांनी मला खोली सोडायला सांगितली. आवाजात राग नव्हता. "तू जिना उतरलास की आता माजं कान उभं ऱ्हातात," म्हणाले. "मला ह्या वयात तसं जगायचं न्हाई."

मी पिरंगुटला खोली घेतली. जायच्या दिवशी काकूंनी आंबेमोहराची पिशवी दिली. तात्या ओट्यावरून उठले नाहीत, पण मी पाया पडलो तेव्हा डोक्यावर हात ठेवला आणि तो लवकर उचलला नाही. सामान न्यायला ज्ञानोबांनी जीप काढली, मला वाटलं आपण होऊन. तात्यांनीच त्यांना सांगितलं होतं, हे मला वाटेत कळलं.

घोटावडे फाटा येईपर्यंत मी धीर गोळा करत होतो. मग ज्ञानोबांची माफी मागितली. सहा महिने गावाने त्यांच्याकडे भावाच्या जिवावर उठलेला म्हणून पाहिलं, ते माझ्यामुळे.

ज्ञानोबांनी गाडीचा वेग कमी केला. "त्याचं काय न्हाई," ते म्हणाले. "त्यो माज्यावर सौंशय घेनार, ह्याची मला सवय हाय. पर साठ वर्सात त्यानं येकदाच कुनाचं काम न बगता सोडलं, आन् ते तुमचं. सख्खा भाऊ मी, पन्नास पावलांवर ऱ्हातुया. माजं कदी सोडलं न्हाई."

 पिरंगुटला त्यांनी माझं सगळं सामान वरच्या मजल्यावर चढवायला मदत केली, आणि चहा न घेता गेले.