हलव्याच्या पुड्या

लग्नाला दोन महिनेही झाले नव्हते आणि मी सासरी इतक्या थापा मारून बसले होते की, विटांसारख्या रचल्या असत्या तर ठाकुर्लीत आणखी एक टॉवर उभा राहिला असता. त्यातली एक अंगाशी आली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हलवा कशातून द्यायचा, असा विषय निघाला आणि मी बोलून गेले, "आई, विकतचे डबे कशाला? मी कागदाच्या डब्या करते. डिंक नाही, कात्री नाही. माहेरी डोळे मिटून करायचे."

खरं म्हणजे मला होडी यायची. तीही बुडणारी.

सासूबाईंनी तासाभरात चारही मजल्यांवर सांगून टाकलं. सून आली तर अशी, वगैरे. आता त्यांची मान माझ्या दहा बोटांत अडकली होती.

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळपासून खोलीचं दार लावून बसले. मोबाइलवरची बाई चौकोनी कागदाचे चारही कोपरे मध्यावर आणायची, कडा आत वळवायची, पुन्हा उलगडायची, की चार भिंती ताठ उभ्या. माझ्या भिंती हात काढला की आडव्या. दुपारपर्यंत चुरगळलेल्या कागदांचा डोंगर पंख्याला टेकला, आणि धड डबी एक नाही.

"झालं का गं? बघू तरी," बाहेरून सासूबाई.

"नको आई, नजर लागेल."

चष्मा शोधायला सासरे आत आले. डोंगराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. टेंभी नाक्याजवळच्या एका दवाखान्यात ते जन्मभर कंपाउंडर होते. अर्ध्या ठाण्याचा खोकला त्यांच्या पुड्यांनी बरा केलेला.

"डबी राहू दे. पुडी चालेल?"

"कागदच संपले, बाबा."

"कपाटावर गठ्ठा आहे बघ."

गठ्ठा आमच्याच लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचा. वर गणपती छापलेला, म्हणून सासूबाईंनी रद्दीत जाऊ दिला नव्हता. "देव आत ठेव, पायाखाली यायला नको," बाबा म्हणाले. लांब कडा एकमेकींवर आणून बारीक दुमड, मग दोन्ही टोकं वळवून एक दुसऱ्याच्या पोटात खुपसायचं. "नखाने दाब दे. घडी घाबरट असली की औषध सांडतं." चारपर्यंत बाहेरून कोऱ्या, गुलाबी पुड्यांनी ताट भरलं. सासूबाईंनी एक उचलून हलवून पाहिली. दाणाही सांडला नाही. खूश झाल्या.

संध्याकाळी मला काळी साडी नेसवून, हलव्याचा मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा चढवून खुर्चीत बसवलं. मान वळवली तरी दागिना तुटेल अशी अवस्था. मुंग्या तेवढ्या मोकळ्या फिरत होत्या.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हलवा तोंडात टाकला, कागद उलगडला, चष्मा लावला.

"अगंबाई. ही तर लग्नाची पत्रिका. तुम्ही तर म्हणालेलात, पत्रिका संपल्या म्हणून."

"आम्हालापण संपल्याच म्हणालेल्या," त्यांच्या शेजारीणबाई.

मग पटापट पुड्या उलगडल्याचा आवाज. सासूबाई कुंकवाचा करंडा हातात धरून थिजल्या. बाबा स्वयंपाकघराच्या दारातून वाफेसारखे नाहीसे झाले. मी पळूही शकत नव्हते, साखरेत चिणलेली.

पळता येईना, मग तोंड चालवलं.

"काकू, तेव्हाच्या संपल्याच होत्या. आईंनी तुमच्यासाठी परत छापून घेतल्या. लग्नाच्या गर्दीत तुम्हाला नीट वाढता आलं नसतं ना. म्हणून लग्नाच्या वाढदिवसाला, याच पत्रिकेवर, आग्रहाचं बोलावणं."

"सगळ्यांना?"

"सहकुटुंब. तसं छापलंयच की."

काकूंनी वाचून खात्री केली. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग हसू ओढून आणलं. "आधी सांगितलं असतं तर गंमत काय राहिली?"

पत्रिका पुन्हा घड्या घालून पर्सांमध्ये गेल्या. एकीनेही टाकली नाही.

बायका गेल्यावर सासूबाई माझा मुकुट सोडवायला आल्या. दोऱ्याची गाठ सोडवता सोडवता कानाशी म्हणाल्या, "पंगतीला ताटाशेजारी कागदी रुमालांची कमळं ठेवतात म्हणे. पन्नास-साठ तरी लागतील. येतात ना तुला?"

"हे काय विचारणं, आई? डोळे मिटून."