मनाचे जाणकार

अमरावतीत आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. परदेशात मशरूममधल्या औषधानं उदासीवर उपचार करून पाहतात, हे मोबाइलवर ऐकल्यापासून ते कॉलनीत भेटेल त्याला मेंदू समजावतात. मला म्हणाले, "आपले लोक मनाच्या आजाराले आजारच मानत नाई, वहिनी!"

त्यांची बायको कित्येक दिवस झोपत नव्हती. एकदा तिनं माझ्यासमोरच म्हटलं, "मले मनाच्या डॉक्टरकडे न्या." त्यांनी आधी दार लावलं. "तुले काय झालं? लोक येडी म्हणतील ना!"

शेवटी अकोल्याला जायची परवानगी मिळाली, तिथं आपल्याला कोणी ओळखत नाही म्हणून. नेलं मीच. डॉक्टरांनी साध्या गोळ्या दिल्या. परतल्यावर त्यांनी फाटकातच हळूच विचारलं, "ओळखीचं कोणी भेटलं तर नाई?"

"भेटले ना," ती मोठ्यानं म्हणाली, "अर्धी अमरावती तिथंच बसून होती."