बॅगेतला फोन

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. गुजराती मुलखातल्या पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये नोकरी लागली, तेव्हा कापडाचे रंग जुळवून द्यायला एक इंजिनिअर येत. धुळ्याकडचे, सगळे त्यांना भाऊ म्हणत. रंगांची सगळी प्रमाणं त्यांच्या लॅपटॉपमध्ये असत. तेव्हा मोबाइल शर्टाच्या खिशात मिरवायची गोष्ट होती. भाऊ तो लॅपटॉपच्या बॅगेत ठेवत आणि रेंज मिळावी म्हणून बॅग खिडकीत बसवत.

"बॅगेला हवा खाऊ घालताय का?" आमचे डाइंग मास्तर चिडवत.

"मी हरवलो तर रस्ता विचारीन, मास्तर. ती कोणाला विचारणार?"

एका दुपारी खिडकीतल्या बॅगेत साड्यांचे नमुने निघाले. सारखीच काळी बॅग म्हणून एक दलाल भाऊंचीच घेऊन गेला होता. मास्तर "चोर, चोर" म्हणून तणतणू लागले. लॅपटॉप गेला तर भाऊंची नोकरीही जाणार, असं मला वाटलं. भाऊंनी मिलच्या फोनवरून स्वतःचाच नंबर फिरवला. बऱ्याच वेळाने पलीकडे कोणीतरी घाबरत "हॅलो" म्हणालं.

"काका, चिंता ना करो," भाऊ गुजरातीत म्हणाले. मग तुमचे नमुने सुखरूप आहेत, तिथेच थांबा, मी आणून देतो, असं त्यांनी शांतपणे समजावलं.

दलाल थांबला होता त्या रिंग रोडच्या कापड मार्केटपर्यंत रिक्षात त्यांनी ती बॅग मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. मी म्हणालो, "भाऊ, कापडाचे तुकडेच आहेत. ठेवा की खाली."

"हिच्यात फोन नाही रे," ते म्हणाले. "हिला जास्त जपायला हवं."