दाजींचा मायक्रोस्कोप

आमच्या दाजींइतकं, म्हणजे ताईच्या यजमानांइतकं, बारीक बघणारा माणूस अख्ख्या हैदराबादेत नव्हता, आणि ज्याला समोरचं दिसत नाही असाही दुसरा नव्हता. ते विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. मोठमोठ्या फुग्यांना बांधून फोटोच्या काचा आकाशात पाठवायच्या, खाली आल्या की धुवायच्या, आणि आकाशातून येणारे कण त्या काचांतून जाताना केसाहून बारीक अशी जी रेघ सोडतात ती मायक्रोस्कोपखाली शोधायची, हे त्यांचं काम. दिवसभर डावा डोळा मिटून उजव्यानं बघायचं. संध्याकाळी गौलीगुड्याच्या घरी परतले तरी तो डावा डोळा काही उघडायचा नाही. भाकरी, वर्तमानपत्र, ताईची नवी साडी, सगळं ते एका डोळ्यानं तपासत. मात्र पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून अंबरपेठेपर्यंत चालत जात, आणि कुणी दाखवल्याशिवाय ते त्यांच्या ध्यानात येत नसे.

माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही सिकंदराबादला गेलो, तेव्हा तर कहर झाला. मुलगी पोह्यांची बशी घेऊन आली आणि दाजींनी सवयीनं डावा डोळा मिटून तिच्याकडं टक लावली. मुलीचे वडील ताडकन उठले. "हे पाहुणे डोळा कायकू मारायलेत?" दाजी शांतपणे म्हणाले, "मारत नाही हो, बघायलोय. दोन्ही डोळ्यांनी मला नीट दिसत नाही." मुलगी खुदकन हसली. तीच पुढं माझी बायको झाली, त्यामुळं त्या प्रसंगाबद्दल मला दाजींवर धड रागावताही येत नाही.

व्यसनांचं संशोधन ते घरीच करत, स्वतःच्या तोंडात. त्यांना जर्द्याचं पान लागे. "काचेत जशी कणाची रेघ पडते, तशी मेंदूत सवयीची पडत असणार बघ," असं त्यांचं म्हणणं. ती रेघ पुसली जाते का हे बघायला ते मधूनच जर्दा सोडत आणि वहीत नोंदी करत. "पहिला दिवस : बायको विनाकारण चिडचिड करते. दुसरा दिवस : शेजारीही." चौथ्या दिवशी प्रयोग यशस्वी झाल्याच्या आनंदात पान आणलं जाई.

मग हैदराबाद राज्याची वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात जाणार असं ठरलं, आणि मराठी नोकरदारांनी कुठं राहणार ते लिहून द्यायचं होतं. माझी कचेरी औरंगाबादला निघाली. आईवडील हयात नव्हते, ताईचं माहेर म्हणजे मी एकटा. आपणही जायचं, असा तिनं हट्ट धरला. दाजींनी अर्जावर औरंगाबाद लिहिलं. तिकडं त्यांना शाळेत मास्तरकी मिळणार होती. त्या दिवशी जेवताना त्यांचे दोन्ही डोळे उघडे होते.

अर्ज द्यायच्या आदल्या दिवशी ताई डबा घेऊन प्रयोगशाळेत गेली, सोबत मी होतो. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्या यंत्राला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"ही रेघ कुठून आली हो?"

"कुणास ठाऊक. लई लांबून," दाजी म्हणाले.

"औरंगाबादला असलं यंत्र नाही का?"

"नाही."

ताईनं डबा उघडून त्यांच्यापुढं ठेवला. "मग तो अर्ज फाडा. भाजीवालीशी तेलुगूत भांडायला मला आत्ता कुठं जमायलंय, ते तिकडं वाया जाईल."

आम्ही निघालो त्या दिवशी काचीगुड्याच्या फलाटावर ताई हसत होती आणि दाजी रुमालात तोंड खुपसून रडत होते. "तिचं माहेर तू घेऊन चाललास," ते म्हणाले, "दर भाऊबीजेला आणत जा बा." ते होते तोवर मी एकही भाऊबीज चुकवली नाही. गाडी कितीही उशिरा येवो, दाजी फलाटावर हजर असत. प्रयोगशाळेतली माणसं सांगायची, वर्षभर यांना मायक्रोस्कोपवरून उठवायला शिपाई पाठवावा लागतो. त्या एका दिवशी मात्र ते दुपारीच आपणहून उठतात.