केरीचा होडीवाला, मुक्काम उइटहॉर्न

या भूतलावर शुद्ध बोलणारा एकच माणूस शिल्लक उरला आहे आणि तो सध्या सुनेकडे, डच मुलखात उइटहॉर्नला राहतो आहे, याबद्दल माझ्या मैत्रिणीच्या, म्हणजे मुग्धाच्या, सासऱ्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बाकी आपण सगळे नुसते तोंडाने आवाज करतो. पुण्याच्या गुरुजींनी ऑनलाइन सत्यनारायण घातला, तर या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या काकांनी, त्यांना संकल्पातच थांबवून सगळे श आणि ष वेगळे काढून दाखवले. पूजा संपेपर्यंत शिऱ्याचा दगड झाला होता आणि गुरुजींचा चेहराही साधारण तसाच दिसत होता. मुग्धा कामाच्या मीटिंगमध्ये 'शेड्यूल' म्हणाली की मागून खणखणीत आवाज यायचा, "मुग्धा, पुन्हा म्हण." शेजारची डच बाई मूळची दक्षिणेकडची, तिकडे ग मऊ म्हणायची पद्धत आहे. काकांनी मोबाइलवर पंधरा दिवस डच शिकून त्या माउलीला कुंपणावरून बजावलं, "खेमेंटे. घशातून!" 'नगरपालिका' हा आपल्याच भाषेतला शब्द आपल्याला म्हणता येत नाही हे ऐकून ती बाई दोन दिवस बागेत फिरकली नाही.

काका आले होते तीन महिन्यांसाठी. तेवढ्यात करोना आला, विमानं बंद झाली आणि हा माणूस मुग्धाच्या दोन खोल्यांत अडकला. एका खोलीत नवरा आपलं ऑफिस कपाटाला टेकवून बसलेला, दुसरीत ती, आणि मधल्या पॅसेजमध्ये टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला आवाज. महिनाभरात तिचा मला फोन आला, "यांना रोज फिरायला ने गं बाई, नाहीतर मी यांना आम्स्टल नदीत ढकलीन आणि मग मलाच पोलीस नेतील." मी तेव्हा डबे करून द्यायचे. सगळी ऑफिसं घरी बसल्यामुळे माझाही धंदा बसलेला. म्हणून रोज सकाळी मी आणि काका नदीकाठाने निघायचो, दीड मीटर अंतर ठेवून. काकांच्या आवाजाला दीड मीटर म्हणजे काहीच नाही. ते माझ्याशी बोलायचे आणि पलीकडच्या काठावरचा मासे पकडणारा मान वर करायचा.

त्यांना गुंतवायला मुग्धाने आणखी एक उपाय शोधला. तिच्या ऑफिसातली मार्गारेट नावाची इंग्रज बाई हौशी नाटकमंडळी चालवते. नाट्यगृहं बंद, म्हणून ते लोक रविवारी स्क्रीनवर जमून नुसत्या आवाजाचं नाटक करणार होते. त्यात एक म्हातारा होडीवाला होता. आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला केरी नावाचा परगणा आहे, तिथला. होडी विकणार नाही म्हणून तो पानभर बोलतो. मंडळीत शॉन नावाचा एक खराखुरा आयरिश होता, पण तो डब्लिनचा, आजोळ तेवढं केरीचं. तो म्हणाला, "मी केरीचं बोललो तर माझ्या आजोळचे लोक मला दारात उभं करणार नाहीत." म्हातारा आवाज कुणाकडेच नव्हता. मुग्धाने तो फुकट पुरवला.

काकांनी हे काम जे मनावर घेतलं, की विचारू नका. "लहान असो, मोठी असो, भूमिका जशीच्या तशी झाली पाहिजे," असं म्हणून त्यांनी इंटरनेटवरचे केरीचे तमाम शेतकरी ऐकून काढले आणि तिसऱ्या दिवशी पडेल चेहऱ्याने मला सांगितलं, "अगं, ही माणसं 'स्टॉप'ला 'श्टॉप' म्हणतात!" ज्याचा जन्म लोकांचे स आणि श दुरुस्त करण्यात गेला, त्याच्या पानात देवाने नेमकं हेच वाढावं! मला हसू आवरेना. पण मागे हटतील तर ते काका कसले. जीभ वळावी म्हणून दाताखाली वाइनच्या बाटलीचं बूच धरून ते नदीकाठाने 'श्टॉप, श्टोन, श्टेशन' करत चालायचे. सायकलवाले डच लोक 'श्टॉप' ऐकून खरंच थांबायचे.

एकदा मुग्धाने त्यांच्या गुडघ्यासाठी हाउसआर्ट्सला, म्हणजे आमच्या इथल्या घरच्या डॉक्टरला, व्हिडिओ कॉल लावून दिला. काका तालमीच्या भरात केरीतच सुरू झाले. तिकडच्या बाईने मुग्धाला शांतपणे विचारलं, "हे असं कधीपासून बोलतायत?"

"मंगळवारपासून," मुग्धा म्हणाली.

पुढची दहा मिनिटं काका पॅसेजमध्ये दोन्ही हात वर करून, जीभ सरळ बाहेर काढून, आज्ञेप्रमाणे हसून दाखवत होते. मेंदूला काही झालेलं नाही अशी त्या बाईची खात्री पटली. मुग्धाची अजून पटलेली नाही.

एवढं करून पहिल्या तालमीत काय झालं, तर काका बोलले ते बातम्यांसारखं. प्रत्येक श्ट जागच्या जागी, सगळं घासूनपुसून लख्ख, आणि होडीवाला मात्र बेपत्ता. मार्गारेट फार गोड बाई. तिने आधी भरपूर कौतुक केलं आणि मग सांगितलं, शुक्रवारी पुन्हा ऐकते, नाहीच जमलं तर ते पान निवेदकाला देऊन टाकू.

दुसऱ्या दिवशी काका बुचाशिवाय आले. मला वाटलं, सुटलो. पण वाटेत त्यांनी माझा एकही उच्चार दुरुस्त केला नाही, म्हणजे काहीतरी बिनसलेलं. पुलापर्यंत गेल्यावर म्हणाले, "पुण्याला आमच्या नाट्यसंस्थेत जन्मभर पडद्यामागे होतो मी. तिसऱ्या घंटेआधीची सूचना माझी, विंगेतून प्रॉम्प्टिंग माझं. पाठ मला सगळ्यांचं असायचं. पण भूमिका कधी दिली नाही. दिग्दर्शक म्हणायचा, तुझ्या तोंडून माणूस बोलत नाही रे, सूचनाच बोलते. काल ती बाई तेच म्हणाली. इंग्रजीतून म्हणाली, एवढाच फरक." मला एकदम वाईट वाटलं. एवढी मी त्यांची टिंगल करायचे, पण ते पान त्यांच्याकडून जाऊ नये असं मला फार वाटायला लागलं.

ते दिवस विणीचे. काठावर रानबदकं पिल्लं घेऊन फिरत होती आणि एक भलामोठा हंस मान ताणून आमचीच वाट बघत असल्यासारखा उभा होता. काका आपल्याच विचारात चालत त्याच्या पिल्लांजवळ गेले. तो पंख पसरून फिस्कारत धावला आणि काकांच्या पँटला त्याने चोच घातली.

"अरे मेल्या! अंगार कित्याक येतंस? ह्यो रस्तो तुझ्या बापाशीचो काय? हट!"

हंस थबकला. मी तर दगड झाले. माझं माहेर परळचं, आईकडचे सगळे वेंगुर्ल्याचे. ही भाषा मी दुधाबरोबर प्यायलेय. आणि ती कुणाच्या तोंडून, तर गुरुजींचा संकल्प अडवणाऱ्याच्या!

"ओ काका," मी म्हटलं, "खंयचे ओ तुमी?"

काका कानापर्यंत लाल झाले. आधी म्हणाले, खोकला आला. मग म्हणाले, नाटकात ऐकलं होतं. शेवटी बाकावर बसले आणि हळूच म्हणाले, "देवगडकडचा." कॉलेजला पुण्यात आले तेव्हा खाणावळीत त्यांनी नुसता भात मागितला तरी अख्खी पंगत हसायची. रोज मुद्दाम त्यांना बोलायला लावायचे आणि हसायचे. म्हणून एका वर्षात त्यांनी जीभ घासून घासून कोरी केली. बायकोसमोर, मुलासमोर ती भाषा कधी तोंडातून येऊ दिली नाही. गावच्या घरात त्यांची थोरली बहीण एकटी असते. तिच्याशीही फोनवर छापील मराठीत बोलायचे, वर तिचं बोलणं दुरुस्त करायचे. "हल्ली ती फोनवर हो-नाही एवढंच बोलते," काका म्हणाले.

मला राग आला, त्या खाणावळीचा आणि थोडा काकांचाही. मी म्हटलं, "काका, तिकडे समुद्र, पाऊस, मासे, भांडणं, पोरं शहरात गेलेली. तुमच्या गावात नि त्या केरीत फरक तो काय? होडीवाला तुमच्या घरात होता की नाही?"

"वडीलच," ते म्हणाले. "होडी होती आमची."

"मग ते कसे बोलले असते?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. हंस सोडून कुणी नव्हतं. त्यांनी होडीवाल्याचं पहिलं वाक्य घेतलं, इंग्रजीच, ते श्टही तसेच, पण चाल गावची. शेवटचा शब्द लांबवून वर नेणारी, भांडताना लाडात येणारी आणि लाडात असताना भांडणारी. वाक्य संपलं आणि बेपत्ता होडीवाला समोर उभा होता. मी म्हटलं, "आता बूच तोंडात घालाल तर मी ते गिळायला लावीन."

शुक्रवारी मार्गारेटने पान काकांकडेच ठेवलं. रविवारी दुपारी काका झब्बा घालून लॅपटॉपसमोर बसले. नाटक आवाजाचं, तरी मुग्धाला त्यांनी नारळ शोधायला लावला आणि लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं. पलीकडे मुग्धाच्या नवऱ्याने दुसऱ्या फोनवर गावच्या आत्याला, म्हणजे काकांच्या त्या बहिणीला, जोडून ठेवलं होतं. ही कल्पना माझी, आणि काकांना ती अजिबात पसंत नव्हती. "तिला इंग्रजी येत नाही, उगाच का त्रास," म्हणत होते. खरं तर घाबरले होते.

होडीवाला बोलायला लागला. होडी विकणार नाही म्हणाला, विकायला सांगणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या, मग होडीशी असं काही बोलला की मुग्धा तोंडावर हात ठेवून भिंतीला टेकली. स्वतःच्या सासऱ्याला ती पहिल्यांदा ऐकत होती. नाटक संपल्यावर स्क्रीनवरच्या चौकटी-चौकटीतून टाळ्या वाजल्या. मग शॉन म्हणाला, "हे केरीचं आहे का, मी शपथेवर नाही सांगणार. पण हा म्हातारा मला आजोळी भेटलाय." काकांनी मान डोलावली, लॅपटॉप मिटला आणि दुसऱ्या फोनकडे नुसतंच बघत राहिले. शेवटी मीच तो उचलून त्यांच्या हातात दिला.

"बाय, ऐकलंस?" काका म्हणाले.

मग आत्यांचा आवाज आला, "मेलो एक शब्द कळाक नाय माका. पण बाबू, बोललंस मात्र आमच्या बापाशीसारखो."

काकांचा चष्मा हातात आला.

"कधी येतंस घराक?" आत्यांनी विचारलं.

"विमानां बंद आसत गो," काका म्हणाले. "सुरू झाली काय पयलो तुझ्याकडे."

"ये. पण असोच बोलत ये हां," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

काकांनी मात्र तो कानाला तसाच धरला होता. "येतंय," ते म्हणाले.