कुंकू लावलेला कॉम्प्युटर

जगातली प्रत्येक वस्तू काल जिथे होती तिथेच आज सापडली पाहिजे, एवढ्या एका मागणीसाठी आमच्या साडूभाऊंनी उभ्या जगाशी वाकडं घेतलं होतं. जेवताना पाण्याचा तांब्या डाव्या हाताला, मिठाची वाटी उजव्या. त्यात बदल झाला तर ते तक्रार करत नसत. हात नेहमीच्या जागी नेऊन तसाच ठेवत, वस्तू परत येईपर्यंत. राजूरच्या गणपतीला जाताना वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यात चपला काढायचे. एकदा त्या कोपऱ्यात नारळवाल्याने दुकान मांडलं, तर हे दर्शन न घेताच घरी आले आणि दुसऱ्या दिवशी कोपरा रिकामा आहे का हे आधी बघून मग देवाकडे गेले. "जागा बदलली की सगळा हिशोबच चुकतो, साडूभाऊ," असं ते मला बजावत. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे मीही त्यांचा साडूभाऊच. आम्ही एकमेकांना त्याच नावाने हाक मारायचो, त्यामुळे कोण कोणावर रागावलंय हे घरच्यांना आवाजावरून ओळखावं लागे.

या स्वभावाचं मूळ त्यांच्या धंद्यात होतं. राजूरला त्यांचा लग्नपत्रिकांचा छापखाना. शिशाचे खिळे जुळवून छापायचे त्या काळात लाकडी खोक्यात प्रत्येक अक्षराचा कप्पा ठरलेला असे. साडूभाऊ गिऱ्हाइकाशी कापसाच्या भावावर बोलत बोलत, न बघता हात घालत आणि हवं ते अक्षर बराबर बोटांत येई. मग खिळे गेले आणि कॉम्प्युटर आला. पन्नाशीला टेकलेला हा माणूस पहिले काही महिने दुकानातून अंगात कणकण असल्यासारखा घरी यायचा, कारण इंग्रजी अक्षरांशी त्यांची बिलकुल ओळख नव्हती. शेवटी त्यांनी पडद्यालाच खिळ्यांचं खोकं मानलं. हे चित्र दाबलं की पत्रिका उघडते, ते दाबलं की छापते, खालच्या कोपऱ्यातून यंत्र बंद होतं. पहिल्या खंडेनवमीला त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या अक्कांनी, यंत्राच्या पूजेचं ताट हातात घेऊन विचारलं, "कुंकू कुठं लावू?" साडूभाऊंनी चष्मा पुसला आणि पडद्यावरच्या प्रत्येक कामाच्या चित्राशेजारी, काचेवर, एकेक बोट लावून घेतलं. पुढे दरवर्षी अक्का त्याच जागी ओलं कुंकू ताजं करीत आणि साडूभाऊ वर्षभर टिळे बघून काम करीत. गिऱ्हाइकांना वाटे, काय देवभोळा माणूस आहे!

मला मात्र या प्रकाराचं भारी हसू यायचं, कारण मी सुधारलेला. जालन्याला सरकारी कचेरीत कारकून होतो. कचेरीत कॉम्प्युटर आले तेव्हा मला कोर्सला धाडलं आणि मी तिथून एक प्रमाणपत्र आणि एक वाक्य घेऊन परतलो. कोणी काहीही विचारलं की "सोपं आहे" म्हणायचं. एवढ्या भांडवलावर सासुरवाडीत मी कॉम्प्युटरचा जाणकार ठरलो. सासरे पिंपळगाव रेणुकाईहून येताना बंद पडलेला रेडिओसुद्धा माझ्यासाठी घेऊन येत आणि मीही तो कानाला लावून गंभीर चेहरा करीत असे.

धाकट्या मेहुणीचं लग्न ठरलं आणि नेमका त्याच हंगामात विजेच्या दाबाने साडूभाऊंचा कॉम्प्युटर जळाला. पहिली पत्रिका येत्या चतुर्थीला राजूरच्या गणपतीपुढे ठेवायची, असं सासऱ्यांनी सगळ्या भावकीला सांगून ठेवलेलं. पत्रिका थोरल्या जावयाने छापायची, यंत्राचं मी बघायचं. मी जालन्याहून कॉम्प्युटरची नवी पेटी आणली. जुनं सगळं काम दुकानदाराने तिच्यात भरून दिलं होतं. पडदा शाबूत होता, म्हणून तोच ठेवला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी, सासऱ्यांच्या देखत, मी बटण दाबलं.

पडद्यावर हिरवीगार टेकडी आणि निळं आभाळ उगवलं.

"हे रान कोणाचं?" साडूभाऊंनी विचारलं.

"कोणाचं नाही. शोभेला आहे."

"मंग पडीक कशापायी ठेवलं?"

कुंकवाचे टिळे काचेवर जागच्या जागी होते, पण त्यांच्याशेजारी आता नुसतं गवत आणि ढग. चित्रं भलतीकडे सरकलेली, फुगलेली, रंग बदललेली. "सोपं आहे," मी म्हणालो आणि एकेक चित्र ओढून जुन्या टिळ्याशेजारी न्यायला लागलो. मी सोडलं की ते परत पळून रांगेत उभं राही. ती रांग मोडण्याची युक्ती असणार, पण ती ज्या दिवशी कोर्सात शिकवली त्या दिवशी बहुधा मी चहाला गेलो होतो. मधेच यंत्राने, न वापरलेली चित्रं उचलून ठेवू का, अशा अर्थाचं काहीतरी विचारलं. मी ऐटीत होकार दिला आणि दोन चित्रं दिसेनाशी झाली. सासरे खाकरले. त्यांनी येताना आणलेला रेडिओ हळूच पिशवीत परत ठेवताना मी पाहिलं.

साडूभाऊ मात्र ओरडले नाहीत. त्यांनी हात पहिल्या टिळ्याकडे नेला आणि तसाच ठेवला, मिठाच्या वाटीची वाट बघावी तसा. मग हळू म्हणाले, "खिळ्यांवरून याच्यावर आलो तवाच जीव जाऊन आल्ता, साडूभाऊ. आता पुन्हा पहिल्यापासून शिकणं माझ्याच्यानं होणार न्हाई. उद्याची पत्रिका जालन्याहून छापून आणा. म्या दुकानाला कुलूप लावतो." मला फार वाईट वाटलं, आणि "सोपं आहे" हे वाक्य मला मिळालेल्या प्रमाणपत्रासकट गिळून टाकावंसं वाटलं.

एवढ्यात अक्का चहा घेऊन आल्या. त्यांनी पडदा पाहिला, आम्हाला पाहिलं. "पाव्हणं, तुम्ही इतका वेळ काय करून राह्यलात?" मी सांगितलं की चित्रं टिळ्यापाशी यायला तयार नाहीत. "मंग टिळे चित्रापाशी न्या की!" असं म्हणून त्यांनी ओल्या फडक्याने काच पुसली सुद्धा. साडूभाऊ अर्धवट उठले. पण अक्का करंडा घेऊन समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मिठाची वाटी म्याच ठिवते ना? मंग हेबी म्याच ठिवते. सांगा, कुठं लावू?"

साडूभाऊ खाली बसले. मी हरवलेली चित्रं कशीबशी शोधून दिली, त्यांनी जागा दाखवल्या, अक्कांनी बोटं लावली. नव्या पहिल्या टिळ्यापाशी साडूभाऊंनी माऊसचा बाण नेला आणि पत्रिका उघडली. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर गणपतीपुढे होती. श्रेय सासऱ्यांनी मलाच दिलं आणि मीही ते नाकारलं नाही.

काही वर्षांनी दसऱ्याच्या तोंडावर अक्का गेल्या. पेटीही तोवर थकली होती आणि बाजारात पुन्हा नवं रूप आलं होतं, काचेसारखं चमचमतं. मी म्हटलं, "आणून देतो, आपण दोघं मिळून शिकू." साडूभाऊंनी मान हलवली. "चित्रं पुन्हा हलतील, साडूभाऊ. अन् हे कुंकू आता कोण हलवल?" त्यांनी छापखाना बंद केला. पडदा अजून टेबलावर आहे. बंद काचेवर ते टिळे फिकट झालेत, साडूभाऊ त्यांच्या कडेकडेने धूळ पुसतात.

परवा आमच्या घरच्या कॉम्प्युटरनेही कात टाकली. बंद करायची खूण कुठे गेली ते मला दुपारभर सापडेना. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "जमलं का?" मी सवयीने "सोपं आहे" म्हणालो. मग रुमालाने काच पुसली आणि तिला म्हटलं, "जरा कुंकवाचा करंडा घेऊन ये."

ती आली. हसली नाही. माझ्या शेजारी उभी राहिली, बोट कुंकवात बुडवलं आणि थोरल्या बहिणीच्याच आवाजात विचारलं, "कुठं लावू?"